क्षणभराची फट

जबलपूरहून सातपुडा ओलांडून गोंदियाला जाणारा छोट्या गाडीचा लोहमार्ग एकेरी होता. अशा एकेरी मार्गांवर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत, म्हणून भारतीय रेल्वेने दीर्घकाळ नीलच्या टोकन यंत्राचा आधार घेतला. लगतच्या दोन स्थानकांतील यंत्रे विजेने जोडलेली असत. एक गोळा बाहेर निघाला की दुसरा निघत नसे आणि गोळा हाती आल्याखेरीज चालक गाडी हाकत नसे.

संगणकालाही अशा गोळ्याची गरज असते. संयुक्त खात्यात १०,००० रुपये आहेत आणि दोघे खातेदार राइट टाउन व रांझी येथील एटीएममधून एकाच क्षणी ८,००० रुपये मागत आहेत, असे समजू. पहिली रक्कम वजा होण्यापूर्वीच दुसऱ्या यंत्राने जुनी शिल्लक वाचली, तर दोघांनाही पैसे मिळतील. म्हणून एक व्यवहार पुरा होईपर्यंत खाते दुसऱ्यासाठी रोखून धरावे लागते. हे न साधल्यास जो दोष उद्भवतो, त्याला ‘रेस कंडिशन’ म्हणतात.

घरून काम करणाऱ्यांना कार्यालयाशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या ‘ओपनव्हीपीएन’ प्रणालीतही असा दोष आढळला. ग्राहकाच्या संगणकाला क्रमांक मिळणे आणि सांकेतिक किल्ल्या सिद्ध होणे, यांत काही क्षणांचे अंतर असे. तेवढ्यात कोणी त्या क्रमांकाचा बनावट संदेश धाडला, तर खऱ्या वापरकर्त्याची जोडणी तुटे. माहिती चोरीस जात नसे. एप्रिल २०२० मधील २.४.९ या आवृत्तीत ही फट बुजवली गेली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी होती आणि असंख्य कर्मचारी अशाच जोडण्यांवर विसंबून होते.

सर्वच फटी इतक्या निरुपद्रवी नसतात. दूरस्थ संगणक हाताळण्याच्या ‘ओपनएसएसएच’ प्रणालीतील असाच एक दोष २००६ मध्ये दूर झाला होता. २०२० मधील एका फेरबदलात तो नकळत परतला आणि २०२४ मध्ये क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी तो उघडकीस आणला. त्यातून संगणकाचा संपूर्ण ताबा परक्या हाती जाऊ शकत होता. १ जुलै २०२४ रोजी सुधारित आवृत्ती आली. काल रोकड जुळली म्हणून रोखपाल आजची मोजणी टाळत नाही. एकदा दुरुस्त केलेल्या प्रणालीचीही प्रत्येक बदलानंतर फेरतपासणी व्हायला हवी, ती याच न्यायाने.

‘देखभालीसाठी सेवा बंद’ ही सूचना वाचून ग्राहक वैतागतो, तर कामाच्या घाईत कर्मचारी संगणकाची सुधारणा उद्यावर ढकलतो. दोघांचीही अडचण खरी आहे. दूरवरून आलेल्या निवृत्तिवेतनधारकाला रिकाम्या हाताने परतावे लागणे, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. म्हणूनच देखभालीची वेळ कमी वर्दळीची असावी आणि ती आगाऊ कळवावी, हे बँकेचे कर्तव्य होय. मात्र पूर्वसूचना मिळाल्यावर तेवढा खोळंबा सोसणे ग्राहकाच्याही हिताचे आहे. गोळा मिळेपर्यंत स्थानकात थांबलेल्या गाडीला उशीर होई, पण प्रवासी सुखरूप पोहोचत.