पाच मिनिटांची लाज

हा विषय लिहू की नको, यात दोन वीकेंड गेले. असले लेख साधारणपणे "माझ्या एका मित्राला..." असे सुरू होतात. मला मित्र पुष्कळ आहेत, पण ही अडचण माझीच होती. वय छत्तीस, प्रोजेक्ट लंडनला, झोप चार तास, आणि ऐन वेळी शरीराचा असहकार!

रात्री दीडला लॅपटॉप उघडला. 'प्रिस्क्रिप्शन नको, पाकिटावर नाव नाही' म्हणणाऱ्या साइट्सचा पाऊस पडला. ऑफिसात सगळ्यांना "अनोळखी लिंकवर क्लिक करू नका रे" सांगणारा मी, मुकाट्याने कार्ड नंबर टाकायच्या बेतात होतो. थांबलो ते सिंगापूरचं एक प्रकरण वाचलं म्हणून.

२००८ साली तिथे पाच महिन्यांत १५० माणसं रक्तातली साखर भयंकर उतरली म्हणून सरकारी हॉस्पिटलांत दाखल झाली. मधुमेह एकालाही नव्हता. सात जण कोमात राहिले, पुढे चौघं गेले. कारण? चोरून विकल्या जाणाऱ्या 'ताकदीच्या' गोळ्यांत मधुमेहाचं औषध मिसळलेलं होतं. पण मी अडकलो ते पुढच्या आकड्यापाशी. अशी गोळी घेतल्याचं कबूल केलं फक्त ४५ जणांनी. काही जण बोलायच्या अवस्थेत नसतील हे धरलं, तरी बाकीच्यांचं काय? जीव टांगणीला लागलाय आणि माणूस डॉक्टरांपासून लपवतोय!

म्हणून माझं मत असं, की नकली गोळ्यांचा धंदा गोळ्यांवर चालतच नाही. तो आपल्या लाजेवर चालतो.

आणि गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये चोरून घ्यायची गरजच नाही. २०१८ पासून सिल्डेनाफिलची ५० मिलिग्रॅमची गोळी तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते, फक्त फार्मासिस्टच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. दुसऱ्या दिवशी लंचमध्ये गेलो. काउंटरवर बाई. माझ्या मावशीच्या वयाच्या, त्यातही गुजराती! पळून जाणार होतो, पण त्यांनी शांतपणे आतल्या खोलीत नेलं. छातीत दुखतं का? जिने चढताना धाप? बीपी? दुसरी औषधं कुठली? नायट्रेट घेता का?

नायट्रेट म्हणजे आपली सॉर्बिट्रेट, बाबांच्या शर्टाच्या खिशात असते ती. ती आणि ही गोळी एकत्र आल्या तर बीपी जिवावर बेतेल इतकं उतरू शकतं. गोळी घेतल्यावर छातीत दुखलंच तर सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची नाही. तडक हॉस्पिटल गाठायचं आणि गोळी घेतल्याचं आधी सांगायचं. हे कुठल्या 'साध्या पाकिटा'वर लिहिलेलं असतं का?

ऑनलाइन घ्यायचंच असेल तर ब्रिटनमध्ये जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलच्या रजिस्टरवर दुकान स्वतः शोधा. साइटवरच्या लोगोवर जाऊ नका, लोगो कॉपी करायला दोन मिनिटं लागतात. अमेरिकेत प्रिस्क्रिप्शन लागतंच. आपल्याकडेही कायद्याने लागतं, कोपऱ्यावरचा मेडिकलवाला न विचारता देत असला तरी. आणि 'हर्बल' म्हणून निर्धास्त होऊ नका. अमेरिकेच्या एफडीएला अशा कित्येक पुड्यांत न सांगता घातलेलं सिल्डेनाफिल सापडलंय.

निघताना बाई म्हणाल्या, "सहा महिन्यांच्या आत डॉक्टरांना दाखवा. कधीकधी ही मधुमेहाची किंवा हार्टची पहिली खूण असते." दाखवलं. साखर काठावर निघाली. त्या रात्री कार्ड नंबर टाकला असता तर हे मला कोणी सांगितलं असतं?

असो. लाज वाटली, नाही असं नाही. पण पाच मिनिटंच. पुढच्या वेळी बाईंनी नुसतं "जिने चढताय ना?" एवढंच विचारलं.