ड्रॅगन फ्रूट : आधी खड्डा, मग खांब

संपादक महोदय,

‘कोल्हापूरचे हवामान ड्रॅगन फ्रूटला पोषक’ हे वाक्य या आठवड्यात आपल्या शेतीच्या पानावर पुन्हा वाचले आणि राहवले नाही. कुठले कोल्हापूर? गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, शिरोळमध्ये जेमतेम पाचशे-सहाशे. या निवडुंगवर्गीय वेलाला साधारण ५०० ते १५०० मिलिमीटर पाऊस मानवतो. त्यातही याचा फुलोरा जूनपासून, म्हणजे ऐन पावसात. फूल एका रात्रीपुरते उमलते. त्या रात्री झड लागली की परागकण धुऊन जातात आणि फळ धरत नाही. राधानगरी, शाहूवाडीच्या पश्चिम भागातल्या शेतकऱ्याला हे कोण सांगणार?

मग शिरोळ बरे, असे कोणी म्हणेल. पाऊस बेताचा, पण जमीन? खोल काळी आणि उसाला पाणी पाजून पाजून क्षारपड झालेली. दत्त साखर कारखान्याला तिथे जमिनीखाली सच्छिद्र पाइप पुरून पाण्याचा निचरा करावा लागतो, यातच सगळे आले. ड्रॅगन फ्रूटच्या मुळाशी पाणी साचले की खोड कुजते. बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने हे पीक घेऊन दाखवले ते मुरमाड, खडकाळ माळावर. जत-सांगोल्याच्या बागाही हलक्या रानातल्याच. तिथली यशोगाथा छापून पंचगंगाकाठच्या माणसाला या वेलासाठी खांब रोवायला लावायचे, हे बरोबर नाही.

‘माती परीक्षण करून घ्या’ एवढे सांगून सगळे मोकळे होतात. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात. सामू कळतो, क्षार कळतात, ते हवेच. पण नमुना वरच्या अर्ध्या फुटाचा, आणि बागायतीत अडीच हेक्टरच्या चौकटीला एक. खाली मुरूम आहे की चोपण, पाणी मुरते की तुंबते, याचा त्यात एकही रकाना नाही. ज्यावर पीक जगायचे तेच तपासलेले नाही! त्यापेक्षा भर पावसाळ्यात रानात तीन फुटांचा खड्डा काढावा. दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी दिसले तर खांबांची ऑर्डर देऊ नये. याला पैसा लागत नाही, म्हणूनच बहुधा कोणी सांगत नाही.

२०२१-२२ मध्ये या पिकाला अनुदान आले ते हेक्टरी चार लाख खर्च धरून १ लाख ६० हजार, तेही तीन वर्षांच्या हप्त्यांत आणि झाडे जगली तरच. म्हणजे बाग कुजली की पुढचा हप्ताही गेला. पूर्वसंमती देण्याआधी सहायक कृषी अधिकाऱ्याने खड्डा पाहिलाच पाहिजे, अशी अट का नाही?

रोपवाटिकांचे तर विचारूच नका. रोप विकताना ‘माल आम्हीच उचलू’ म्हणतात. ते कागदावर द्या म्हटले की फोन उचलत नाहीत.

कोल्हापूरचे कृषी महाविद्यालय आणि कणेरीचे कृषी विज्ञान केंद्र यांनी पुढच्या लागवडीआधी गावनिहाय यादी जाहीर करावी : जमिनीची खोली, निचरा, पाऊस, आणि लागवड करावी की नाही. आपणही यशोगाथा छापताना बाग कोणत्या जमिनीत आहे आणि तिसऱ्या वर्षी किती झाडे उभी आहेत, हे छापावे.

– एक शेतकरी वाचक, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर