वही कोणाकडे?

ब्लॉकचेनची तुलना निघाली की पहिला प्रश्न वेगाचा. बिटकॉइन सेकंदाला जेमतेम ७ व्यवहार उरकतं, सोलाना हजारो. म्हणजे सोलाना भारी! मी मात्र आधी विचारतो, वही कोणाकोणाकडे आहे?

आमच्या गिरगावात चाळीच्या गणपतीचा हिशेब फळ्यावर लागतो. कोणीही उभं राहून बेरीज तपासावी (आणि तपासतातच हो!). बिटकॉइनचं तसंच. साध्या कॉम्प्युटरला मोठी हार्डडिस्क लावली की अख्खी वही घरात. सगळ्यांना पेलेल तेवढंच लिहायचं, म्हणून ते हळू. सोलानाला दणकट, महागडे सर्व्हर लागतात. तरी सप्टेंबर २०२१ मध्ये ती साखळी सुमारे १७ तास बंद पडली होती.

२०१७ साली मुंबईत 'मॅटिक' नावाने सुरू झालेल्या पॉलिगॉनने मधली वाट काढली. व्यवहार आपल्याकडे झटपट करायचे, गोषवारा ठरावीक अंतराने इथेरियमवर नोंदवायचा. हुशारीच! त्यांच्या चाचणीच्या जाळ्याचं नावही 'मुंबई' होतं, २०२४ मध्ये ते बंद झालं. पण पडताळणी करणारे शंभरेकच.

किरकोळ देवघेवीला मला ते चालेल. चाळीच्या पुनर्विकासासाठी भाडेकरूंची यादी नोंदवायची असेल, तर मात्र मी बिटकॉइनच्या पुढच्या पानासाठी दहा मिनिटं थांबेन.