घरी जुळवलेलं स्कूबा किट घालून बुलढाण्याच्या धरणात उतरता येतं का?

2024 च्या जानेवारीत नौदलातून निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्राच्या तळाशी नेऊन तिथे पाण्याखालचं संग्रहालय करायचा प्रकल्प आला आणि महाराष्ट्रात स्कूबाची चर्चा पुन्हा सुरू झाली. ते झालं कोकणाचं. पण समुद्राचा वाराही न लागणाऱ्या बुलढाण्यात स्कूबाचं काय काम?

काम आहे. खडकपूर्णा, पेनटाकळी, नळगंगा ही धरणं याच जिल्ह्यात आहेत. कुणी बुडालं की पहिली उडी घेतात ते गावातले पट्टीचे पोहणारे. एसडीआरएफच्या तुकड्या नागपूर आणि धुळ्याला. तिथून पथक येईपर्यंत वेळ जातो, काठावर घरचे लोक आक्रोश करत असतात. अशा वेळी कुणालाही वाटणारच की पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर आहे, पाईप आहे, मोबाईलवर ‘घरच्या घरी स्कूबा’चे व्हिडिओ आहेत, मग अडलंय कुठे?

आधी सूटचं बघू. वेटसूटमध्ये थोडं पाणी शिरतं आणि अंगाच्या उबेने गरम होतं. ड्रायसूटमध्ये पाणी शिरतच नाही. मानेला आणि मनगटाला रबराचे घट्ट सील, अंगावर पाणी न झिरपणारी चेन. थंड देशांत तो थंडीसाठी घालतात, पण पोलिसांचे आणि बचाव पथकांचे पाणबुडे घाण पाण्यापासून वाचायलाही तोच घालतात. लोणारच्या सरोवराचंच उदाहरण घ्या. तिथल्या पाण्याचा पीएच साधारण 10, म्हणजे चांगलंच अल्कधर्मी. असं पाणी डोळ्यांना आणि कातडीला झोंबतं. (म्हणून कुणी ड्रायसूट घेऊन लोणारला निघू नका. ते अभयारण्य आहे, वनविभागाच्या परवानगीशिवाय असले प्रयोग चालत नाहीत.)

या सूटची बरीचशी कामं घरी होतात. नवा सील गळ्याला आवळत असेल तर कडेची एकेक बारीक रिंग कापून तो सैल करतात. चेनला मेण लावतात. गळती शोधायची पद्धत तर सायकलवाल्याचीच आहे : सील बंद करायचे, आत हवा भरायची, वरून साबणाचं पाणी फिरवायचं आणि बुडबुडे येतील तिथे खूण करून नंतर चिकटवायचं. मांडीवर खिसा लावायचा असेल तर मात्र शिवायचा नाही, चिकटवायचा. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट.

पण रेनकोटला सील लावून ड्रायसूट होत नाही. खाली जाताना दाबामुळे सूटमधली हवा आक्रसते आणि सूट अंग करकचून आवळतो. म्हणून छातीवर हवा आत घेणारा व्हॉल्व्ह असतो. वर येताना तीच हवा फुगते, ती सोडायला दुसरा व्हॉल्व्ह असतो. तो अडकला तर माणूस फुग्यासारखा वर फेकला जातो. हवा पायांकडे गेली तर डोकं खाली, पाय वर. या व्हॉल्व्हना घरी हात लावायचा नाही.

आणि श्वासाच्या हवेशी तर जुगाड नकोच. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर टायरसाठी असतो. त्याच्या हवेत तेलाचा अंश येतो, शेजारी इंजिन चालू असेल तर कार्बन मोनॉक्साईडही, आणि खोलीवर त्याचं विष जास्त चढतं. कोरोनात आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर वापरू म्हणाल, तर शुद्ध ऑक्सिजन 6 मीटरच्या खाली झटके आणू शकतो. स्कूबाच्या टाकीत हवा 200 बारने भरतात, कारच्या टायरच्या जवळपास 90 पट. अशा सिलिंडरचे नियम सांभाळणारी ‘पेसो’ ही केंद्राची संस्था नागपुरातच आहे.

सगळ्यात मोठा धोका मात्र पट्टीच्या पोहणाऱ्यालाच असतो. विहिरीत सूर मारणारा माणूस वरचीच हवा छातीत घेऊन जातो. खाली ती दाबली जाते, वर आला की पुन्हा तेवढीच होते. काही बिघडत नाही. पण 10 मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथे पाईपमधून छाती भरून घेतली आणि सवयीने श्वास रोखून वर आला, तर ती हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसं फाटतात. ज्या सवयीने तो आयुष्यभर वाचला, तीच सवय इथे जीव घेते. आणि ती मोडायला व्हिडिओ पुरत नाही, पाण्यात प्रशिक्षकासमोर सराव करावा लागतो.

त्यात धरणाचा तळ म्हणजे गाळ, बुडालेली झाडं, मासेमारीची जाळी आणि हात न दिसण्याइतका अंधार. काठावर विदर्भाचं 40 अंशांपुढचं ऊन. ड्रायसूट घालून तिथे नुसतं थांबलं तरी उष्माघाताची वेळ येऊ शकते.

प्रशिक्षण राज्यातच मिळतं. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. पण बुलढाण्याच्या पोहणाऱ्याला तिथे जायचं तर अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. रोजगार बुडवून, स्वतःच्या खिशातून तो खर्च त्यानेच करावा, अशी अपेक्षा धरता येत नाही. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनाने गावोगावचे असे चार-चार पोहणारे हेरून पाठवले, तर कॉम्प्रेसरकडे बघायची वेळ बहुतेक येणारच नाही. तोपर्यंत लाइफ जॅकेट, लांब दोर, गळ आणि बोट एवढं साहित्य धरणाजवळच्या गावात तयार ठेवता येतं, आणि त्यासाठी कुणाला श्वास रोखून खाली जावं लागत नाही.