चार मजल्यांची खोटी निश्चिंती

‘भंडाऱ्यात टोलेजंग इमारती आहेत कुठे? कोसळण्याचं शास्त्र मुंबईकरांनी शिकावं!’ हा युक्तिवाद आपल्याकडे सर्रास ऐकू येतो. 25 जुलै 2017 ला घाटकोपरची ‘साई दर्शन’ कोसळून 17 जीव गेले, ती चारच मजल्यांची होती. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि खांबांना हात लावल्याचा आरोप झाला.

‘एवढ्या कॉलमांतला एक काढला तर काय बिघडतं?’ असंही विचारतात. बिघडतं ते असं. कॉलम गेला की दोन्ही बाजूंचे बीम मिळून एकच लांब बीम होतो. गाळा दुप्पट, तर वाकवणारा जोर चौपट. शिवाय ताणाची बाजू उलटते. कॉलमपाशी बीमला ताण वरच्या अंगाला, म्हणून तिथे जास्त लोखंड वर असतं. आधार गेला की ताण खालच्या अंगाला येतो. तिथल्या सळ्या कॉलममधून सलग गेलेल्या नसल्या, तर जोड उघडतो, स्लॅब खालच्या स्लॅबवर आदळतो आणि शेजारचे कॉलम वाढीव भाराखाली मोडू लागतात.

‘त्याला मोठा स्फोट लागतो,’ हा तिसरा आक्षेप. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत 24 जानेवारी 2025 ला छत खाली आलं, आठ कामगार गेले, तो स्फोट मोठाच होता. पण लंडनच्या 22 मजली रोनन पॉइंटमध्ये 16 मे 1968 ला अठराव्या मजल्यावर गॅसचा जो भडका उडाला, त्यातून शेगडी पेटवणारी बाई वाचली. भिंतीचा आधार मात्र निखळला आणि एक कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला, चौघे मेले. त्यानंतर 1970 मध्ये ब्रिटनने साखळीने होणाऱ्या पडझडीविरुद्ध नियम केला, तो पाच मजल्यांपासून पुढे. 2004 मध्ये मजल्यांची ती अटही काढून टाकली.

म्हणजे प्रश्न उंचीचा नाही. एक आधार गेल्यावर भाराला दुसरी वाट आहे का, एवढाच आहे. ती वाट बांधतानाच ठेवावी लागते: खालच्या सळ्या जोडातून सलग, रिंगा जोडापाशी दाट. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत 15 ते 30 वर्षांच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्यांचं दर तीन वर्षांनी सांगितलं आहे. ते कागदापुरतं नको. आणि दुकानाचा गाळा मोकळा करायला कॉलम किंवा भिंत हलवायची असेल, तर नगरपरिषदेने मजले मोजत बसू नये, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही मागावी.