कचेरीतला बहिष्कार

कुणी नोकरी सोडली की डोंबिवलीच्या गाडीत पहिला प्रश्न ठरलेला : "तिकडे पगार किती जास्त?" मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. माणूस नोकरी धरतो पगारासाठी. सोडतो मात्र पुष्कळदा माणसांपायी.

१९१७ साली भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा अधिकारी; पण शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबूनच फेकीत. कचेरीत त्यांना प्यायला पाणी मिळेना, गावात राहायला जागा मिळेना. थोड्याच दिवसांत त्यांनी बडोदे सोडले. ज्या संस्थानाने त्यांना शिष्यवृत्ती देऊन परदेशी धाडले, त्याच संस्थानाच्या कचेरीने असा विद्वान घालवला!

१९५० साली राज्यघटनेने अस्पृश्यता मोडीत काढली. आजच्या अबोल्याला त्या अन्यायाची सर नाही, हे मी जाणतो. पण रीत ओळखीची आहे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही कचेरीत पाहा. चहाला सगळे उठतात, एकाला हाक नसते. व्हॉट्सॲपच्या गटात त्याचेच नाव नसते. कारण कधी जात, कधी भाषा, कधी नुसती साहेबाची मर्जी. शिवीला उत्तर देता येते हो, अबोल्याची तक्रार कुठे नोंदवायची?

तो गेला की हेच लोक म्हणतात, "माणूसघाणाच होता!" अहो, तुम्हीच त्याला रोज थोडा थोडा घालवीत होता, राजीनामा हा केवळ शेवटचा कागद.

यंदा कचेरीत फराळाचा डबा उघडाल, तेव्हा एवढे पाहा : हाक मारायचे कोण राहिले?