घर आणि आरोग्य : अशा वेळी दाराबाहेरच का?

अब्बांचं हृदय थांबतं, डॉक्टर छाती दाबू लागतात आणि नर्स सांगते, "सगळे बाहेर व्हा." घरचे दाराबाहेर दुआ करत राहतात. आत काय झालं असेल, हा प्रश्न पुढे वर्षानुवर्षं छळतो.

अमेरिकेत मिशिगनमधल्या फूट हॉस्पिटलने १९८२ मध्ये अशा वेळी नातेवाइकांना आत थांबू द्यायला सुरुवात केली. फ्रान्समध्ये घरीच हृदय बंद पडलेल्या रुग्णांच्या ५७० नातेवाइकांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. "थांबायचं का?" असं ज्यांना आवर्जून विचारलं गेलं, त्यांच्यात तीन महिन्यांनी मानसिक धक्क्याची लक्षणं कमी दिसली. उपचारांतही अडथळा आला नाही.

मात्र हे पाहणं सोपं नाही. छाती दाबताना फासळीही मोडू शकते. ज्याला झेपणार नाही त्याने बाहेर थांबावं. त्याने माया कमी ठरत नाही. आत एकानेच जावं, सांगतील तिथे उभं राहावं. हळू आवाजात कलमा पढता येतो.

रुग्ण गंभीर असेल तर डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा : "वेळ आली तर आमच्यापैकी एकाला आत थांबू द्याल का?" नकार मिळाला तर हुज्जत नको, पण विचारायला संकोच करू नका.